नाइटांची शपथ

नाइटांची आचारसंहिता म्हणून जी दहा कलमं सांगितली जातात, ती मध्ययुगातल्या एकाही हस्तलिखितात तशी सापडत नाहीत. दुर्बळांचं रक्षण करावं, शत्रूपुढून पाय मागे घेऊ नये, खोटं बोलू नये, दिलेला शब्द पाळावा, हात सढळ असावा. क्रमांक घालून ही यादी कागदावर उतरवली ती लिओं गोतिए या फ्रेंच अभ्यासकानं, १८८४ साली, ‘ला शव्हालरी’ या आपल्या जाडजूड ग्रंथात. जुन्या वीरगाथा आयुष्यभर वाचलेला हा माणूस होता. त्या गाथांमध्ये विखुरलेले आदर्श वेचून त्यानं बायबलातल्या दहा आज्ञांच्या साच्यात बसवले. पुढे ग्रंथ मागे पडला आणि यादी एकटीच फिरत राहिली. आज ती जणू राजा आर्थरच्या गोलमेजावर कोरलेली होती अशा थाटात छापली जाते.

गोतिएला ही यादी करावीशी का वाटली, हेही समजून घ्यायला हवं. १८७०च्या हिवाळ्यात प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला होता. त्या वेढ्यात, डिसेंबर महिन्यात, गास्तों पारी या विद्वानानं ‘रोलाँचं गीत’ आणि फ्रेंच राष्ट्रीयत्व या विषयावर व्याख्यान दिलं. गोतिएनं त्याच गीताची आवृत्ती १८७२ मध्ये काढली. हरलेला देश आपल्या जुन्या वीरांकडे बघत होता. म्हणूनच त्या दहा कलमांत जन्मभूमीवर प्रेम करण्याचं कलम आहे. आणि नाइटाच्या प्रेमाला आपण आज ‘दरबारी प्रेम’ म्हणतो, ती संज्ञाही गास्तों पारीनं १८८३ मध्ये रूढ केली. यादी आणि संज्ञा दोन्ही एकाच शहरातल्या, वर्षभराच्या अंतरानं आलेल्या.

मग मध्ययुगात काहीच नव्हतं का? होतं, पुष्कळ होतं. शपथा होत्या, पाठ होते, गोष्टी होत्या, एकमेकांशी भांडणाऱ्या पोथ्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसत गेली. विहिरीवर ‘येथे कपडे धुऊ नयेत’ अशी पाटी दिसली, की तिथे कपडे धुतले जात होते हे वेगळं सांगावं लागत नाही. नाइटांच्या प्रत्येक नियमाखाली खणलं की तसंच काहीतरी हाताला लागतं. नियमाच्या आधी कुणीतरी लुटलं गेलेलं असतं, कुणीतरी मारलं गेलेलं असतं.

सुरुवात शब्दापासून करू. ‘शिव्हलरी’ हा शब्द फ्रेंच ‘शव्हाल’, म्हणजे घोडा, यातून आला. आणि तो लॅटिन ‘काबाल्लुस’मधून. हे लॅटिन नाव रुबाबदार अश्वाचं नव्हतं, ओझ्याच्या तट्टाचं होतं. स्पॅनिशमधला ‘काबाल्येरो’ त्याच तट्टावरून उतरलेला. जर्मन ‘रिटर’ म्हणजे नुसता स्वार. इंग्रजी ‘नाइट’चं मूळ ‘क्निख्ट’, म्हणजे पोर, पोऱ्या, चाकर. मराठीत याच्या उलटा प्रवास झालेला आहे. आपला ‘राऊत’ हा शब्द ‘राजपुत्र’पासून झिजत झिजत साध्या घोडेस्वारापर्यंत खाली आला. तिकडे मात्र चाकर आणि तट्टू दोघंही वर चढत गेले आणि बाराव्या शतकापर्यंत राजेसुद्धा स्वतःला नाइट म्हणवून घेण्यात धन्यता मानू लागले.

मराठीत शिव्हलरीला आपण झटकन ‘स्त्रीदाक्षिण्य’ म्हणतो. मूळ शब्दात घोडा, धनी, चर्च आणि स्त्री अशा चार बाजू होत्या, त्यांतली एकच आपण घेतली. पण निवडलेला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. संस्कृत नाट्यशास्त्रात ‘दक्षिण’ नायक तो, ज्याचं मन नवीन स्त्रीवर जडलं आहे आणि तरीही जो पहिल्या पत्नीशी आदरानं, मायेनं वागणं सोडत नाही. म्हणजे दाक्षिण्यही एका दुखावण्याच्या शेजारीच जन्मलेलं आहे.

आता इसवी सन १०००च्या आसपासचा फ्रान्स डोळ्यांपुढे आणा. राजा नावापुरता. टेकडीटेकडीवर गढी, आणि गढीत चिलखत घातलेले, पोसलेले, काम नसलेले घोडेस्वार. त्यांचं रोजचं युद्ध शेजारच्या गढीशी, आणि शेजाऱ्याला इजा करण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच्या कुळांची शेतं जाळणं, गुरं हाकून नेणं. हे थांबवायला पुढे आले ते बिशप. ९८९ साली शारू इथल्या धर्मसभेनं चर्च लुटणाऱ्यांना, शेतकऱ्यांची गुरं पळवणाऱ्यांना आणि निःशस्त्र पाद्र्यांवर हात उगारणाऱ्यांना बहिष्काराचा धाक घातला. पुढच्या काही दशकांत संतांच्या अस्थी मैदानात आणून, गावोगावची माणसं गोळा करून, स्वारांकडून शपथा घेतल्या जाऊ लागल्या.

१०२३च्या सुमाराला बोव्हेच्या बिशपानं तयार केलेल्या शपथेचा मसुदा उपलब्ध आहे. नाइटांविषयी मी जे काही वाचलं, त्यात मला सगळ्यांत हलवून टाकणारा कागद हाच. त्यात स्वार काय काय करणार नाही याची यादी आहे. बैल, गाय, डुक्कर, मेंढी नेणार नाही. शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला धरून त्यांच्याकडून पैसे उकळणार नाही. कुरणात चरणारी खेचरं अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत पळवणार नाही. दुसऱ्याची द्राक्षवेल उपटणार नाही. गिरणी मोडणार नाही. घर जाळणार नाही, मात्र आत शत्रूचा स्वार किंवा चोर असेल तर गोष्ट वेगळी. नवऱ्याशिवाय प्रवास करणाऱ्या कुलीन स्त्रियांवर हल्ला करणार नाही, त्यांनी माझं काही वाकडं केलं असेल तर वेगळं. विधवा आणि जोगिणींनाही तोच नियम.

शपथेत पळवाटाही लिहिलेल्या आहेत, तारखाही लिहिलेल्या आहेत. वाचताना ज्याच्या गोठ्यातून काल रात्री बैल गेला तो माणूस समोर उभा राहतो. स्त्रियांचं रक्षण, दुर्बळांचं रक्षण हे जे नंतर सोन्याच्या अक्षरांत लिहिलं गेलं, त्याचा पहिला खर्डा असा आहे. त्यात रक्षण करीन असं वचन नाही. हल्ला करणार नाही, एवढंच आहे.

गाण्यातल्या नाइटांना मात्र या गोठ्यांशी देणंघेणं नव्हतं. ‘रोलाँचं गीत’ अकराव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आलं. चार हजार ओळींच्या या काव्यामागची घटना १५ ऑगस्ट ७७८ची. स्पेनहून परतणाऱ्या शार्लमेनच्या पिछाडीवर पिरेनीजच्या खिंडीत बास्क डोंगरी लोकांनी हल्ला केला आणि ब्रिटनीच्या सीमेचा अधिकारी रोलाँ त्यात मारला गेला. तीनशे वर्षं लोकांच्या तोंडी राहिल्यावर बास्क जाऊन मुसलमानांची अफाट फौज आली आणि लूट वाचवण्याची चकमक धर्मयुद्ध होऊन बसली. काव्यातल्या रोलाँचा धर्म एकच: धन्याशी इमान आणि कुळाची अब्रू. त्याचा मित्र ऑलिव्हिए शिंग फुंकून मदत मागव म्हणून विनवतो, रोलाँ नकार देतो. शेवटी फुंकतो तेव्हा वीस हजार माणसं पडलेली असतात, आणि ऑलिव्हिए त्याला स्पष्ट सांगतो की ही माणसं तुझ्या अविचारानं मेली. कवी रोलाँवर जीव टाकतो, पण हा आरोप काव्यातून काढत नाही. स्त्री म्हणाल तर त्याची वाग्दत्त वधू ओद थोडक्या ओळींपुरती येते, बातमी ऐकते आणि प्राण सोडते. गोतिएच्या यादीचा मुख्य आधार हाच काव्यप्रकार आहे, पण गोरगरिबांचं रक्षण त्यात शोधावं लागतं.

क्षमा कुठून आली? शरण आलेल्याला जीवदान द्यावं, हा नियम अनेक पोथ्यांत आहे आणि त्याच्यामागे दयेइतकाच हिशेब आहे. १११९च्या ब्रेम्यूलच्या लढाईबद्दल ऑर्डेरिक व्हिटालिस हा संन्यासी इतिहासकार लिहितो की सुमारे नऊशे नाइट लढले आणि मेले फक्त तीन. अंगभर कड्यांचं चिलखत होतं, देवाची भीती होती, एकमेकांची ओळख होती, असं कारण तो देतो. शिवाय जिवंत पकडलेला नाइट म्हणजे खंडणी होती.

हा हिशेब ज्यानं सर्वांत चोख ठेवला तो इंग्रज नाइट विल्यम मार्शल. त्याचं चरित्र त्याच्या मुलानं १२२०च्या दशकात पद्यात लिहवून घेतलं. एकोणीस हजारांहून अधिक ओळींची ती एकमेव पोथी १८६१ मध्ये लंडनच्या लिलावात पॉल मेयर या फ्रेंच अभ्यासकाच्या नजरेला पडली, खासगी संग्रहात गडप झाली आणि त्याला पुन्हा सापडायला वीस वर्षं गेली. मार्शलची गोष्ट ११५२ मध्ये सुरू होते. तो पाच-सहा वर्षांचा पोर. बापानं त्याला राजा स्टीफनकडे ओलीस ठेवलं आणि दिलेला शब्द मोडला. पोराला फाशी देऊ असा निरोप गेला तेव्हा बापानं कळवलं की याहून चांगली पोरं घडवायला माझ्याकडे हातोडा आणि ऐरण शाबूत आहे. राजाला मात्र मुलाला मारवेना. चरित्रात एक प्रसंग आहे: राजाच्या तंबूत फुलं अंथरलेली आहेत, ओलीस पोर गवताच्या दांड्या उचलतं आणि राजा त्याच्याबरोबर ‘नाइट-नाइट’ खेळतो, दांडीनं दांडीचं डोकं उडवायचं. संहितेची जी पानं नंतर रंगवली गेली, त्यांतल्या कित्येकांपेक्षा मला हा तंबू खरा वाटतो. शब्द मोडणारा बाप नाइट, आणि दिलेली धमकी खरी न करणारा राजाही नाइट.

मोठेपणी धाकटा मुलगा म्हणून मार्शलला वतन नव्हतं. त्यानं पोट भरलं ते टुर्नामेंटांवर. या स्पर्धा म्हणजे चित्रात दिसतो तसा कठड्यामधला दोघांचा सामना नव्हता. दोन तुकड्या मैलोगणती शेतां-गावांतून एकमेकांवर धावत, आणि ज्याला पकडलं त्याचा घोडा, चिलखत आणि वर खंडणी पकडणाऱ्याची. रॉजर द गोजी नावाच्या स्वाराशी त्यानं भागीदारी केली आणि दहा महिन्यांत दोघांनी १०३ नाइट पकडले. नोंद ठेवायला इंग्लंडच्या राजपुत्राच्या मुदपाकखान्याचा कारकून होता. एका स्पर्धेनंतर बक्षीस द्यायला लोक शोधत आले, तर मार्शल लोहाराच्या ऐरणीवर डोकं ठेवून बसलेला. ठोके बसून शिरस्त्राण इतकं चेमटलं होतं की निघत नव्हतं.

हाच माणूस १२१६ मध्ये इंग्लंडच्या बालराजाचा पालक झाला आणि पुढच्या वर्षी, सत्तरीच्या घरात, लिंकनच्या लढाईत घोड्यावर बसून उतरला. १२१९ मध्ये मृत्युशय्येवर असताना त्याला सांगण्यात आलं, की लोकांकडून घेतलेलं सगळं परत केल्याशिवाय मुक्ती नाही. त्यानं उत्तर दिलं: मी पाचशे नाइट पकडले, त्यांची शस्त्रं, घोडे, सरंजाम घेतला, देवाचं राज्य त्यामुळे मला बंद होणार असेल तर माझा इलाज नाही, मी ते परत करू शकत नाही. पाद्री चुकतात, असंही तो म्हणाला. आयुष्यभर धन्याशी इमान राखलेला माणूस, आणि त्याच्या पायाशी पाचशे घोड्यांचा हिशेब. संहितेच्या पोटात हे दोन्ही आहे आणि कुठलंही एक काढलं की मार्शल उरत नाही.

खंडणी मिळणार नाही अशा पायदळाला मात्र हा नियम लागू नव्हता. १४१५ मध्ये आझँकूरच्या लढाईत इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीनं नाइट कैद्यांनाही मारण्याचा हुकूम दिला, कारण त्या क्षणी कैद्यांची किंमत धोक्यापेक्षा कमी झाली होती. तरीही शब्दाची किंमत कुणाला तरी खरोखर वाटत होती. १३५६ मध्ये प्वातिएला पकडल्या गेलेल्या फ्रान्सच्या राजा जाँची खंडणी तीस लाख सोन्याचे एक्यू ठरली. त्याला सोडलं, मुलगा ओलीस राहिला, मुलगा पळाला. तेव्हा राजा जानेवारी १३६४ मध्ये आपल्या पायांनी लंडनच्या कैदेत परतला आणि तिथेच एप्रिलमध्ये वारला. त्यात राजकारणही असेल. पण परतला हे खरं.

चर्चनं या स्वारांना आपलं केलं ते बाराव्या शतकात. क्लेअरव्होच्या बर्नार्डनं टेंपलर संन्यासी-सैनिकांची स्तुती लिहिताना जुन्या, ऐहिक नाइटगिरीवर कोरडे ओढले. केस वाढवणारे, रेशीम मिरवणारे, क्षुल्लक रागानं आणि जमिनीच्या लोभानं मारामाऱ्या करणारे, असं त्यांचं वर्णन केलं. तेराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेली एक फ्रेंच कविता मात्र फार वेगळ्या वाटेनं जाते. तिच्यात नाइट कसा घडवतात हे शिकू पाहतो तो मुसलमानांचा सुलतान सलादिन, आणि शिकवतो त्याचा कैदी ह्यू. स्नान म्हणजे पापक्षालन, शुभ्र बिछाना म्हणजे स्वर्गातली जागा, तांबडा झगा म्हणजे धर्मासाठी सांडायचं रक्त, काळे मोजे म्हणजे ज्या मातीत जायचं ती माती. मग चार नियम: खोट्या न्यायाला आणि दगाबाजीला साथ देऊ नये, संकटातल्या स्त्रीच्या मदतीला जावं, शुक्रवारचा उपास करावा, रोज प्रार्थना ऐकावी. शेवटचा विधी म्हणजे मानेवर थाप. ती द्यायला ह्यू नकार देतो, कारण कैद्यानं आपल्या धन्यावर हात कसा उगारावा? सलादिन त्याला सोडून देतो. युरोपातल्या कवीला आपल्या संहितेचा उत्तम विद्यार्थी शत्रुपक्षात दिसला, ही गोष्ट मला त्या काळाच्या मोठेपणाची खूण वाटते.

दरबारातल्या स्त्रियांचा या कथेत प्रवेश होतो तो ओक्सितान भाषेतल्या त्रुबादुर कवींमुळे आणि मग क्रेतिएँ द त्र्वामुळे. शांपेनची सरदारीण मारी हिच्या आश्रयानं, ११८०च्या आगेमागे, त्यानं लॅन्सलॉटची गोष्ट लिहिली. पळवून नेलेल्या आर्थरच्या राणीचा, गिनिव्हिअरचा, माग काढताना लॅन्सलॉटला गुन्हेगारांची धिंड काढायच्या गाडीत बसावं लागतं. अब्रू आणि प्रेम यांत तो दोन पावलं घुटमळतो, मग चढतो. राणी सुटल्यावर त्याच्याकडे बघत नाही. गाडीत बसल्याचा तिला राग नाही, त्या दोन पावलांचा आहे. इतकी कठोर, इतकी सूक्ष्म मागणी याआधी कुणी नाइटाकडे केली नव्हती.

क्रेतिएँची शेवटची, अपुरी राहिलेली गोष्ट पर्सिव्हालची, आणि संहितेबद्दल इतकं खोल मध्ययुगात दुसऱ्या कुणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. नवरा आणि दोन मुलगे नाइटगिरीपायी गमावलेली विधवा आपल्या शेवटच्या मुलाला रानात, या सगळ्यापासून दूर वाढवते. एक दिवस त्याला चिलखतातले पाच स्वार दिसतात आणि ते देवदूत आहेत असं त्याला वाटतं. तो निघतो. आई घाईघाईनं उपदेश करते: अडलेल्या स्त्रीला मदत कर, तिनं चुंबन दिलं तर घे, त्यापलीकडे जाऊ नकोस, अंगठी दिली तर घे. पूल ओलांडताना तो मागे वळून बघतो, आई कोसळलेली दिसते, आणि तो घोड्याला चाबूक मारतो. पुढे तंबूत एकटी तरुणी भेटते. आईनं सांगितलंय म्हणत तो तिचं बळजबरीनं चुंबन घेतो, बोटातली अंगठी हिसकतो आणि तिथलं जेवण जेवून निघून जातो. त्या तरुणीला तिचा जोडीदार व्यभिचारिणी ठरवून फाटक्या कपड्यांत, हाडं निघालेल्या घोड्यावर रानोमाळ फिरवतो. नंतर गोर्नमाँ नावाचा वृद्ध नाइट पर्सिव्हालला शिकवतो की शरण आलेल्याला मारू नकोस आणि फार बोलू नकोस. म्हणून ग्रेल नावाच्या गूढ पात्राच्या किल्ल्यात, जखमी राजासमोर, एका प्रश्नानं राजा बरा झाला असता तिथे तो गप्प बसतो.

नियम पाठ आहे आणि माणूस समोर दिसत नाही, याची ही गोष्ट. नाइटगिरीच्या ऐन भरात, तिच्याच दरबारी कवीनं लिहिलेली.

कारण दरबाराबाहेरच्या स्त्रीचं काय होत होतं, हे लपलेलं नव्हतं. त्याच सुमाराला आंद्रेआस कापेलानुस यानं प्रेमाच्या कलेवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. कुलीन स्त्रीशी कसं बोलावं यावर त्यात पानंच्या पानं संवाद आहेत. शेतकऱ्याच्या बायकोवर मन गेलं तर मात्र संधी साधावी, थोडी जबरदस्ती करायला कचरू नये, असा सल्ला आहे. तो उपहासानं दिला असं काही अभ्यासक मानतात. पण रानात भेटलेल्या मेंढपाळ मुलीवर नाइटानं बळजबरी केल्याची गाणी त्या काळी एक रूढ काव्यप्रकारच होती, तेव्हा सल्ला हवेतला नव्हता. बोव्हेच्या शपथेतही ‘कुलीन’ हा शब्द होताच. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसर ‘बाथच्या बाई’च्या तोंडून गोष्ट सांगवतो ती याच जागेवरून सुरू होते: आर्थरच्या दरबारचा एक तरुण नाइट वाटेत एकट्या मुलीवर बलात्कार करतो. कायद्यानं मृत्युदंड आहे. राणी त्याला वर्षभराची मुदत देऊन एका प्रश्नाचं उत्तर शोधायला पाठवते, की स्त्रियांना सर्वांत जास्त काय हवं असतं. उत्तर सांगणारी म्हातारी त्याला नंतर हेही ऐकवते की कुलीनता रक्तातून येत नाही, वागण्यातून येते.

चॉसरच्याच काळात इंग्लंडच्या वायव्य मिडलंड्स भागातल्या बोलीत एका अनाम कवीनं आर्थरच्या दरबारातला गावेन आणि हिरवा नाइट यांची गोष्ट रचली. गावेनच्या ढालीवर पाच टोकांची चांदणी आहे आणि तिच्यात गुंफलेले पाच गुण: औदार्य, बंधुभाव, निर्मळपणा, अदब, करुणा. इतकी नेटकी संहिता दुसरीकडे नाही, आणि कवी ती मोडायलाच मांडतो. जीव वाचेल म्हणून गावेन एक हिरवा पट्टा लपवून ठेवतो, शब्द मोडतो, मानेवर एक ओरखडा घेऊन परततो. तो पट्टा आपल्या अपराधाची खूण म्हणून आयुष्यभर बांधणार असं तो सांगतो. दरबार हसतो, आणि मानाची खूण म्हणून सगळेच तसा पट्टा बांधायचं ठरवतात.

गोलमेजाच्या शपथेपर्यंत, जिला संहिता म्हणता येईल अशा मजकुरापर्यंत, आपण पोचतो ते थेट १४६९-७०मध्ये. आर्थरच्या सगळ्या कथा इंग्रजीत एकत्र करणारा थॉमस मॅलरी स्वतःला कैदी नाइट म्हणवतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा वॉरविकशायरचा मॅलरी. दरोडा, खंडणी, बलात्कार असे आरोप असलेला, वर्षानुवर्षं तुरुंगात राहिलेला, ज्याचा खटला मात्र कधी चालला नाही. त्याच्या ग्रंथात आर्थरच्या लग्नाच्या मेजवानीतून तीन नाइट तीन मोहिमांवर निघतात. गावेन एका शरण आलेल्याला दया नाकारतो, तलवार उगारतो, त्याला वाचवायला धावलेली स्त्री मधे पडते आणि तिचं शिर तुटतं. शिक्षा म्हणून ते शिर गळ्यात बांधून, धड घोड्याच्या मानेवर ठेवून त्याला दरबारात यावं लागतं. पेलिनोर राजा घाईत असतो. विहिरीकाठी जखमी प्रियकराला मांडीवर घेऊन हाका मारणाऱ्या स्त्रीकडे तो वळून बघत नाही. परतताना तिचं मस्तक सापडतं, आणि मग कळतं की ती त्याचीच मुलगी. तिसरा टोर, त्याचा जन्मच पेलिनोरनं एका गवळणीवर केलेल्या बळजबरीतून झालेला.

हे तिघं परतल्यावर आर्थर शपथ घालतो: खून-अत्याचार करू नये, दगा देऊ नये, दया मागणाऱ्याला दया द्यावी, स्त्रियांच्या मदतीला जावं नाहीतर मृत्युदंड, आणि अन्यायाच्या बाजूनं किंवा धनासाठी लढू नये. दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला गोलमेजाच्या नाइटांनी ती पुन्हा घ्यायची. मॅलरीसमोरच्या फ्रेंच ग्रंथात ही शपथ नव्हती, ती त्यानं घातली. आणि तीन गुन्ह्यांनंतर घातली. एकेका कलमाखाली कोणतं प्रेत आहे, ते त्याचा वाचक बोट ठेवून दाखवू शकतो.

विल्यम कॅक्स्टननं हा ग्रंथ ३१ जुलै १४८५ रोजी छापून पुरा केला; तीन आठवड्यांनी बॉसवर्थच्या मैदानात राजा तिसरा रिचर्ड मारला गेला. पुढच्या साडेचारशे वर्षांत इंग्रजी जगानं मॅलरी वाचला तो कॅक्स्टनच्या छापील प्रतीवरूनच. मधला काळ भराभर ओलांडता येतो. तोफा आल्या, सर्व्हान्तेसचा दोन किहोते आला. मग १७९०मध्ये एडमंड बर्कनं फ्रान्सच्या राणीच्या विटंबनेवरून नाइटांचं युग संपल्याचा शोक केला आणि ते युग पुन्हा जिवंत करायची लाट उठली. १८१९च्या अखेरीस स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’, टेनिसनची आर्थरकाव्यं, १८३९मध्ये स्कॉटलंडच्या एग्लिंटनला भर पावसात भरवलेली टुर्नामेंट. १८४२मध्ये मुंबईचे जमशेटजी जिजीभाई नाइट झाले, असा मान मिळालेले पहिले भारतीय; सर जे. जे. रुग्णालयाच्या नावात तो ‘सर’ अजून आहे, आणि तोच शब्द आपल्या शाळांत प्रत्येक मास्तरला मिळाला. १९०८मध्ये बेडन-पॉवेलनं स्काउटांच्या पुस्तकात नाइटांवर अख्खं प्रकरण लिहिलं. रोज एक सत्कृत्य करण्याची जी सवय आपल्याकडच्या स्काउट-गाइडच्या मुलांना लावतात, ती त्यानं तिथूनच जोडून दिली होती.

आणि मग १९३४. विंचेस्टर कॉलेजातले शिक्षक वॉल्टर ओकशॉट यांना तिथल्या तिजोरीत एक जुनी पोथी सापडली. ते मॅलरीचं हस्तलिखित होतं, कॅक्स्टनच्या छापील पुस्तकाहून वेगळं. पुढे त्याच्या पानांवर छापखान्याच्या शाईचे पुसट ठसे आढळले. पोथी कधीकाळी कॅक्स्टनच्या कारखान्यात पडून होती. १९४७मध्ये तिच्यावरून नवी आवृत्ती निघाली आणि लोकांनी शपथेची दोन रूपं शेजारी ठेवून वाचली. छापील शपथेत स्त्रियांच्या मदतीला जाण्याचं कलम होतं. हस्तलिखितात त्या स्त्रियांमध्ये विधवाही होत्या, आणि मदत व मृत्युदंड यांच्या मधे आणखी दोन गोष्टी होत्या: त्यांच्या हक्कांत त्यांच्या पाठीशी उभं राहायचं, आणि त्यांच्यावर कधीही बळजबरी करायची नाही. स्कॉटनं, टेनिसननं, बेडन-पॉवेलनं वाचलेल्या शपथेत हे शब्द नव्हते. पोथी आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.